पट्टी काढली की पाय पुन्हा फाकतात

कोंबडीच्या पिल्लाचे फाकलेले पाय पट्टी बांधून सरळ करता येतात, हे पिल्ले पाळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. खरी अडचण पट्टी काढल्यावर सुरू होते. दोन दिवस पट्टीत राहिलेले पिल्लू उभे राहू लागते, घरातील सर्वांना हायसे वाटते, पट्टी निघते आणि पाहता पाहता ते पुन्हा पोटावर पडलेले दिसते, एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मग पुन्हा पट्टी, पुन्हा दोन दिवस, पुन्हा तेच. आमच्या घरी हे चक्र तीन वेळा फिरले. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की पट्टी कशी बांधावी याचीच चर्चा आम्ही करत बसलो होतो आणि पाय नेमके कोणत्या वेळी बिघडतात हे एकदाही लिहून ठेवलेले नव्हते. दुखणे कधी उलटते यावरून ते का उलटते याचा बराच उलगडा होतो, म्हणून पुढील मजकूर मी त्याच क्रमाने लिहीत आहे.

पिल्लू पौडजवळच्या माझ्या मामेबहिणीच्या घरचे. खुडूक गावठी कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली आणि त्यांतले एक उठेना. कोंबडी चरायला निघाली की आठ पिल्ले तिच्यामागे पळत आणि हे डालग्याखालीच पंख मारत राही. भाच्याने ते बुटांच्या खोक्यात घालून पुण्यात कर्वेनगरला माझ्याकडे आणले आणि खोके माझ्या हातात देत तो म्हणाला, “मावशी, आई म्हणते हे जगायचं नाही, पण तू बघ ना एकदा.” तेव्हा ते तीन दिवसांचे होते, आणि वयाची ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाची हाडे आणि सांधे इतके कोवळे असतात की योग्य आधार मिळाल्यास पाय दोन ते पाच दिवसांत जागेवर येऊ शकतात. त्यानंतर दिवसागणिक यश कमी होत जाते.

पट्टीविषयी आधी थोडक्यात सांगते, कारण ती चुकीची असेल तर पुढचे सर्व निदान व्यर्थ आहे. पट्टी पायाच्या नळीवर, म्हणजे पंजा आणि त्यावरचा सांधा यांच्या मधल्या उघड्या भागावर बांधावयाची असते. या सांध्याला आपण सर्रास गुडघा म्हणतो, पण तो पक्ष्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. औषधांच्या दुकानात मिळणारी, स्वतःलाच चिकटणारी क्रेप पट्टी सर्वांत चांगली, कारण ती कातडीला आणि पिसांना चिकटत नाही. ती नसल्यास साधी कागदी वैद्यकीय टेप चालते, मात्र नळीभोवती आधी कापसाचा पातळ थर द्यावा. रबर बँड कधीही वापरू नये. तो दिसायला सैल असतो, पण पिल्लू वाढते आणि तो वाढत नाही. मी सुमारे अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापत असे. एकाने पिल्लू रुमालात गुंडाळून उताणे धरावयाचे, दुसऱ्याने एका नळीभोवती वेढा देऊन, मधे अंतर सोडून, दुसऱ्या नळीभोवती वेढा द्यावयाचा आणि टोके मधल्या भागावरच परत चिकटवावयाची, म्हणजे तयार होणारा आकार हातकडीसारखा दिसतो. तीन दिवसांच्या पिल्लासाठी दोन पायांमधले अंतर साधारण अडीच सेंटिमीटर असावे. त्याहून जवळ बांधल्यास पिल्लू पुढे तोंडावर पडते आणि त्याहून दूर बांधल्यास पट्टीचा उपयोगच होत नाही. बांधल्यानंतर दहा मिनिटांनी बोटे पाहावीत. ती निळसर, सुजलेली किंवा गार लागली तर पट्टी लगेच सोडावी. रोज एकदा पट्टी बदलणे आवश्यक आहे, कारण या वयात नळी एका दिवसातही जाड होते.

आता उलटण्याच्या वेळांकडे येऊ.

रात्री ठीक असलेले पिल्लू सकाळी फेंगडे आढळते. आमच्याकडे पहिल्या दोन्ही वेळा हेच घडले आणि मी दोन्ही वेळा पट्टीला दोष दिला. तिसऱ्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ टिपू लागले, तेव्हा बिघाड कायम सकाळी सहाच्या सुमारास सापडतो आणि दिवसा एकदाही होत नाही, हे उघड झाले. दिवसा खोक्यात टर्किश टॉवेल असे. रात्री मात्र माझ्या सासूबाई, टॉवेल घाण राहू नये म्हणून, तो धुवायला काढत आणि त्याजागी वर्तमानपत्राची घडी पसरत. त्यांच्या दृष्टीने ती स्वच्छता होती, आणि मीही ते पाहून न पाहिल्यासारखे केले होते. वर्तमानपत्र, प्लास्टिकचा ट्रे, फरशी आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचा गुळगुळीत तळ हे फाकलेल्या पायांचे सर्वांत नेहमीचे कारण आहे, कारण पिल्लाच्या नखांना कुठेच पकड मिळत नाही आणि प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू बाहेरच्या बाजूला ताणले जातात. सशक्त पिल्लेही केवळ या कारणाने फेंगडी होतात. जे पिल्लू नुकतेच सावरत आहे त्याचे दोन दिवसांचे काम आठ तासांत वाया जाते.

उपाय म्हणून मी कपाटाच्या खणात घालावयाची रबरी जाळीदार मॅट तुळशीबागेतून आणली, तिचे खोक्याच्या मापाचे तीन तुकडे केले आणि रोज एक धुवायचा, एक वाळवायचा, एक वापरायचा, असा क्रम लावला. सासूबाईंचाही प्रश्न सुटला. टॉवेल वापरावयाचा असल्यास सुटलेले धागे कापून टाकावेत, कारण धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट काळे पडल्याची उदाहरणे घडतात. पिल्लू आठवडाभराचे झाल्यानंतर लाकडाचा जाड भुसा किंवा भाताचे तूस चालते. त्याआधी पिल्ले भुसाच खाद्य समजून टिपतात. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा वेगळी तपासावी. मॅट कितीही चांगली असली तरी तिथे सांडलेले पाणी आणि विष्ठा यांचा निसरडा थर साचतो, आणि पिल्लू दिवसातून सर्वाधिक वेळा तिथेच उभे राहते.

सकाळच्या बिघाडाचे दुसरे कारण उष्णता हे आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करत न्यावयाचे असते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे बल्ब लावावाच लागतो. एलईडी बल्ब मात्र उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा साठ वॅटचा बल्ब आम्हाला बोहरी आळीत शोधावा लागला. खोके लहान असेल तर हाच बल्ब पहाटेपर्यंत आतली हवा तापवून टाकतो आणि पिल्लू चोच उघडी ठेवून, पंख व पाय पसरून पडते. हे दृश्य हुबेहूब दुखणे उलटल्यासारखे दिसते, परंतु ते केवळ उकडल्याचे लक्षण असते. अशा पिल्लाला उचलून थंड कोपऱ्यात मॅटवर उभे करावे. ते नीट चालले तर पट्टीची गरज नाही, बल्ब वर टांगण्याची आहे. खोक्याच्या एकाच टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा ठेवल्यास पिल्लू आपली जागा स्वतः निवडते. अर्थात पाय अधू असलेल्या पिल्लाला तिथवर सरकता आले पाहिजे, म्हणून अशा पिल्लासाठी दोन टोकांमधले अंतर दोन वितींपेक्षा जास्त ठेवू नये, असे मला अनुभवाने वाटते.

पट्टी काढल्यापासून तासाभरातच पाय घसरू लागतात. याचा अर्थ बहुधा पट्टी लवकर निघाली. पाय सरळ दिसणे आणि पायाने वजन पेलणे यांत दोन दिवसांचे तरी अंतर असते. पट्टी एकदम न काढता टप्प्याने काढावी. प्रथम मधले अंतर किंचित वाढवावे, नंतर दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटे पट्टीशिवाय, डोळ्यांसमोर, मॅटवर चालू द्यावे, आणि रात्री मात्र पट्टी बांधलेलीच ठेवावी. सलग दोन रात्री पट्टीशिवाय ठीक गेल्या की मग ती कायमची सोडावी. मोकळ्या वेळात पिल्लाला केवळ उभे करून ठेवण्यापेक्षा समोर थोडे खाद्य टाकून दोन-दोन पावले चालवणे अधिक उपयोगी पडते. कोमट पाण्यात पाय हलवू देण्याचा व्यायामही काही जण करवतात. तो दोन मिनिटांपलीकडे नेऊ नये आणि पिल्लू लगेच पूर्ण कोरडे करावे, नाहीतर पाय सुधारतील आणि पिल्लू गारठून जाईल.

पाय सरळ राहिले, पण आठ-दहा दिवसांनी बोटे आत वळू लागली. आमच्या पिल्लाचे, जिला एव्हाना ठकी हे नाव पडले होते, हेच झाले. ती उभी राहत होती, पण डाव्या पंजाची बोटे मूठ आवळल्यासारखी आत मुडपत आणि ती मुठीवर चालत असे. मी पुन्हा पट्टी बांधली. ही माझी सर्वांत मोठी चूक होती, कारण हा आजारच वेगळा होता. बोटे आत वळणे हे बहुतेक वेळा रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, कमी पडल्याचे लक्षण असते. त्यात पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि उपचाराला उशीर झाल्यास तो कायमचा राहतो. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खायला काय देता?” मी अभिमानाने सांगितले की तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि पोळीचा चुरा. त्यांनी काही न बोलता मान हलवली. पॉलिश केलेला तांदूळ आणि मका या दोन्हींत हे जीवनसत्त्व फार कमी असते. गावाकडची पिल्ले हेच खाऊन वाढतात हे खरे, पण ती आईमागे दिवसभर किडे, वाळवी आणि हिरवा पाला टिपत असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोक्यात वाळवी येत नाही, आणि येऊही नये.

त्या दिवसापासून तिला चिक स्टार्टर खाद्य सुरू केले, ज्यात सुमारे वीस ते बावीस टक्के प्रथिने आणि आवश्यक जीवनसत्त्वे मिसळलेली असतात, आणि जोडीला उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर दिला. बी-कॉम्प्लेक्सचे थेंब पशुवैद्यांनी वजन पाहून ठरवलेल्या प्रमाणातच दिले. खाद्य सुटे आणले असेल तर डबा झाकून अंधारात ठेवावा. उजेडाने रायबोफ्लेविन नष्ट होते, आणि माझा डबा पारदर्शक व खिडकीत होता. बोटांसाठी जाड लग्नपत्रिकेचा पंजापेक्षा किंचित मोठा तुकडा कापला, तीन बोटे पुढे आणि एक मागे अशी पसरवून प्रत्येक बोट टेपच्या बारीक पट्टीने त्यावर चिकटवले. हा जोडा घालून ती पहिला अर्धा तास बदकासारखी पाय उचलून आपटत चालली. तीन दिवसांनी जोडा काढला तेव्हा दोन बोटे पूर्ण सरळ झाली होती, मधले बोट टोकाशी वळलेले राहिले ते राहिलेच.

एकच पाय पुन्हा पुन्हा बाहेर जातो. येथे मी विशेष सावध राहण्यास सांगेन, कारण या स्थितीला फेंगडे पाय समजून दिवसेंदिवस पट्टी बांधली जाते आणि सुधारण्याची वेळ निघून जाते. आमच्याच सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी बाजारातून आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत हे घडले. त्यांनी आठ दिवस पट्टी बांधली. मी पाहिले तेव्हा त्या पायाचा घोटा सुजलेला होता आणि मागून बोट फिरवल्यावर दुसऱ्या घोट्याला लागते तशी मधोमध ताठ दोरी हाताला लागत नव्हती. ती घोट्याच्या कडेला सरकलेली होती. घोट्याच्या मागच्या खाचेतून जाणारी ही कंडरा, जिला आपण सरसकट शीर म्हणतो, जागेवरून घसरली की पाय सरळ होऊच शकत नाही, पट्टी कितीही बांधा. खाद्यात मँगनीज किंवा कोलीन कमी पडणे हे याचे एक प्रमुख कारण मानले जाते. पहिल्या काही तासांत किंवा एखाद्या दिवसात, पाय हळूच मागे ताणून, कंडरा अंगठ्याने खाचेत परत बसवता येते, पण हे काम पशुवैद्यांकडून करून घ्यावे; अंदाजाने दाबल्यास पिल्लाला असह्य वेदना होतात आणि खाचेची कड चेपली जाते. म्हणून बिघडलेला पाय एकच असेल तर पट्टी बांधण्याआधी दोन्ही घोटे मागून चाचपून पाहण्याची सवय ठेवावी. पुण्यात औंध येथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पक्षीही दाखवता येतात. खासगी दवाखान्यात जाण्याआधी मात्र फोन करून ‘कोंबडी पाहता का’ हे विचारून घ्यावे. एका ठिकाणी आम्हाला कुत्र्यांच्या रांगेत पाऊण तास बसवून मग नकार मिळाला, आणि तो पाऊण तास ठकीच्या आयुष्यातला सर्वांत भीतिदायक असावा.

तीन-चार आठवड्यांनी लंगडणे सुरू होते. चोच बोटाने दाबल्यावर रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस समजावा. सदनिकेत वाढणाऱ्या पिल्लांत तो होणे साहजिक आहे, कारण ड-३ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेमागचे ऊन ऊब देते, हाडे देत नाही. सकाळी अर्धा तास उघड्या गच्चीवर, जाळीच्या टोपलीखाली ठेवावे. टोपली यासाठी की कर्वेनगरच्या आकाशात घारी पुष्कळ आहेत.

सहा आठवड्यांनंतर, आधी ठणठणीत असलेल्या पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे गेला तर मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मॅरेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. त्यावर उपचार नाही. लस पिल्लाला पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच द्यावी लागते. मान पिळवटणे, हिरवट हगवण आणि श्वासाची घरघर ही लक्षणे पायांच्या जोडीला दिसली तर ती राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, असू शकते आणि तेव्हा पिल्लू इतर पक्ष्यांपासून ताबडतोब वेगळे करावे. तिच्यावरील लासोटा लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून देतात, आणि औंधचीच पशुवैद्यकीय जैविक उत्पादने संस्था ती राज्यासाठी तयार करते. निव्वळ मान वाकडी असेल आणि बाकी पिल्लू हुशार असेल तर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या कमतरतेचाही विचार होतो. या तिन्ही गोष्टी घरी बसून ओळखू नयेत.

काही पिल्लांचे पाय सर्व कारणे दूर करूनही सुधारत नाहीत. अशांसाठी आम्ही शेजाऱ्यांच्या पिल्लाकरिता जुन्या पायमोज्याची झोळी केली होती: पायांसाठी दोन आणि विष्ठेसाठी एक, अशी तीन भोके पाडून मोजा एका रिकाम्या डब्याच्या कडांवर असा ताणला की पंजे तळाच्या मॅटला जेमतेम टेकतील. एका वेळी वीस मिनिटे, दिवसातून चार वेळा, समोर खाद्य आणि पाणी. झोळीबाहेर असताना पाण्याची वाटी उथळ ठेवून तीत गोट्या टाकाव्यात, कारण पाय नसलेले पिल्लू दोन बोटे पाण्यातही बुडते. सतत बसून राहणाऱ्या पिल्लाच्या छातीवर आणि घोट्यावर फोड येतात, म्हणून रोज पिसे बाजूला करून तो भाग पाहावा. बुडाशी विष्ठा चिकटून मार्ग बंद झाला असेल तर ओढून न काढता कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढावी. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे, विशेषतः मुलांनी, हे सांगून सांगून मी आता घरात नकोशी झाले आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कोणीही अंदाजाने देऊ नयेत.

त्या पिल्लाने सोळाव्या दिवशी खाणे सोडले. झोळीत ठेवले की ओरडे, काढले की मान टाके. शेजारी पशुवैद्यांकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने ते पिल्लू शांतपणे गेले. मला तो निर्णय योग्य वाटला. पंगू पिल्लू खात असेल, अंग साफ करत असेल आणि माणूस जवळ आला की मान वर करत असेल तर त्याच्यासाठी महिनोन्महिने खटपट करावी. या तिन्ही गोष्टी थांबल्यावर चालवलेली खटपट बहुधा आपल्यासाठी असते.

ठकी चौथ्या महिन्यात पौडला परत गेली. इतर कोंबड्यांनी पहिले दोन दिवस तिला टोचले, म्हणून बहिणीने तिला जाळीआड, पण सर्वांना दिसेल अशी, आठवडाभर ठेवले आणि मग संध्याकाळी, कोंबड्या बसायला लागल्यावर, हळूच त्यांच्यात सोडले. वळलेल्या बोटामुळे तिला उंच दांडीवरून उतरताना तोल सांभाळता येत नाही, त्यामुळे तिची दांडी जमिनीपासून वीतभरच आहे आणि गोल नसून चपट्या फळीची आहे. त्या बोटाचे नख चालताना घासले जात नाही, ते वाढून आत रुतते. म्हणून भाचा दर तीन आठवड्यांनी ते नेलकटरने टोकापुरते कापतो, आणि रक्त आलेच तर लावायला कॉर्नफ्लोअरची पुडी खुराड्याच्या कडीला बांधलेली असते.